लाल दोऱ्यातली दिल्ली

दिल्लीत आयआयटीच्या आसपास तीन गावं आहेत. कटवारिया सराय, जिया सराय आणि बेर सराय. तिन्ही मिळून आपल्याकडच्या एका तालुक्याच्या एस.टी. स्टँडएवढी जागा, पण बेर सरायचा माणूस स्वतःला जिया सरायचा म्हणवून घेणार नाही आणि कटवारियाचा तर दोघांनाही आपल्या वाड्या समजतो. पूर्वी वाटसरू इथे एक रात्र काढून पुढे जात, म्हणून सराय. हल्लीचे वाटसरू पाच-सहा वर्षं काढतात. यूपीएससीच्या निकालावर ते अवलंबून असतं.

मी कटवारियाचा भाडेकरू. खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक तळमजल्यावर खाट टाकून हुक्का ओढत बसले होते. त्यांना सगळे चौधरी साहेब म्हणतात. त्यांनी विचारलं, "कहाँ के हो?" मी म्हणालो, महाराष्ट्र. "बंबई?" नाही, परभणी. "हाँ हाँ, वही. बंबई." मग त्यांनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. "मराठे हो? पानीपतवाले?" इथून पानिपत नव्वद किलोमीटरवर असल्यामुळे हा प्रश्न दिल्लीत प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी येतो आणि १७६१ साली आपण स्वतः तिथून पळत आल्यासारखा चेहरा करून त्याचं उत्तर द्यावं लागतं. मी होकार दिला. चौधरी साहेबांनी धूर सोडला. "लड़े अच्छे थे," ते म्हणाले, आणि त्याच दमात पुढे, "एडवांस दो महीने का."

या गावांचं सगळं गूढ एका दोऱ्यात आहे. १९०८ च्या सुमारास इंग्रजांच्या जमाबंदी खात्याने दिल्लीभोवतीच्या गावांची मोजणी केली. शेतजमिनीवर सारा लागायचा, घरांच्या जागेवर लागायचा नाही, म्हणून नकाशात घरांभोवती लाल रेघ ओढली. तिला नाव पडलं लाल डोरा. आपल्याकडे ज्याला गावठाण म्हणतात तेच हे. पुढे १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण आलं, त्याने दोऱ्याबाहेरची शेतं घेतली आणि त्यावर वसाहती, विद्यापीठं, हॉस्पिटलं आणि उड्डाणपूल उगवले. दोऱ्याच्या आतलं गाव मात्र जिथल्या तिथे राहिलं. त्यावर १९६३ साली महापालिकेने एक अधिसूचना काढली: लाल डोऱ्याच्या आत घर बांधायला नकाशा मंजूर करून घेण्याची गरज नाही. बिचाऱ्या शेतकऱ्याला गोठा वाढवायचा झाला तर कुठे इंजिनिअरच्या दारात जाईल, असा त्यामागे दयाळू विचार असावा.

गोठा वाढला. पाच मजले वाढला.

शेत गेलेलं, हातात मोबदल्याचे पैसे, दारात हजारो विद्यार्थी आणि डोक्यावर नकाशा मागणारं कोणी नाही. अशा परिस्थितीत तुम्ही-आम्हीही दुसरं काय पेरलं असतं? पन्नास गजांच्या तुकड्यावर खोल्यांचं पीक घेतलं गेलं. हे पीक बारमाही आहे, पाऊस लागत नाही आणि दर महिन्याच्या सात तारखेला कापणी होते. जमिनीवर वाढवता येत नाही म्हणून प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा फूटभर गल्लीत सरकलेला. पाचव्या मजल्यापर्यंत पोचता पोचता समोरासमोरच्या इमारती एकमेकींच्या कानात कुजबुजू शकतात. समोरच्या खिडकीतल्या भूगोलाच्या मुलाला मी बसल्या जागेवरून टाळी देऊ शकतो. त्याच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा मला माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा स्वच्छ दिसतो. मधल्या फटीतून विजेच्या, इंटरनेटच्या आणि केबलच्या तारांचा एवढा जाड पेंढा गेलेला आहे की गल्लीत आकाश विचारलं तर लोक तारा दाखवतात.

सूर्य आमच्याकडे येतो. साधारण मे महिन्यात, दुपारी, पाच-दहा मिनिटं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला नमस्कार करून जातो.

पाण्याचं तर वेगळं पुराण आहे. पहाटे कधीतरी नळाला धार येते आणि ती आली की गावातले सगळे टुल्लू पंप एकदम घोंगावू लागतात. ज्याचा पंप दांडगा त्याच्या टाकीत पाणी. बेर सरायच्या मुलांना अलार्म लावावा लागत नाही. वीज सबमीटरवर मोजली जाते आणि युनिटचा भाव घरमालक ठरवतो. २०१९ मध्ये दिल्ली सरकारने महिना २०० युनिटांपर्यंत वीज फुकट दिली, ही बातमी मी वर्तमानपत्रात मोठ्या आवडीने वाचली. चौधरी साहेबांनीही वाचली. आम्हा दोघांनाही ती आवडली, पण उपयोग एकालाच झाला.

या तीन वाड्यांनी आपापसांत कामं मात्र बलुतेदारांसारखी वाटून घेतली आहेत. बेर सराय पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं. तिथे मुलगा दुकानात जाऊन "राज्यव्यवस्था" म्हणाला की दुकानदार न बघता मागे हात घालून नोट्सचा गठ्ठा काढतो. गठ्ठ्यातल्या अक्षराचा मूळ मालक आता बहुधा कुठेतरी कलेक्टर असतो, नाहीतर पलीकडच्या गल्लीत अजून बसलेला असतो. जिया सराय गेट आणि नेटच्या शिकवण्यांचं. तळघरात क्वांटम मेकॅनिक्स, तळमजल्यावर छोले-कुलचे. कटवारियाकडे खोल्या, मेस आणि हद्दीवरचं संस्कृत विद्यापीठ. त्यामुळे आमच्या गल्लीत सकाळी एका खिडकीतून पाणिनीची सूत्रं येतात, दुसऱ्या खिडकीतून चालू घडामोडी आणि खालून म्हशीचं हंबरणं. म्हैस एकच उरली आहे. चौधरी साहेबांच्या चुलत भावाची. तिच्या खोलीचं भाडं किती आलं असतं याचा हिशेब भाडेकरू नेहमी करतात. ती तळमजल्यावर राहते, तिला स्वतंत्र नळ आहे आणि महिन्याला दार वाजवून कोणी तिला आठवण करून देत नाही.

मराठी मुलं इथे भरपूर. नांदेड, लातूर, सोलापूर, बीड. आल्या आल्या पहिला आठवडा "भाजीत कूट का नाही" या चर्चेत जातो, मग राजमा-चावल गोड लागायला लागतो आणि सहा महिन्यांत मुलगा घरी फोनवर "आई, सुन ना" म्हणायला लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा आमच्या इमारतीत मोठा उत्साह होता. १७३७ मध्ये बाजीरावाचा तळ त्याच तालकटोऱ्याला पडला होता, असं इतिहासाच्या मुलाने सर्वांना बजावलं. बाकीच्यांनी जेवण काय आहे तेवढं विचारलं.

पण कटवारियाचं कौतुक किती करावं? दिल्लीत अशी गावं शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की दिल्ली आपल्या शिवारात अतिक्रमण करून बसली आहे. कागदपत्रं काढली तर त्यांचंच बरोबर निघतं. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा केली आणि नव्या शहरासाठी रायसीना, मालचा अशी गावं १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. आज राष्ट्रपती भवन ज्या टेकडीवर आहे ती रायसीना गावाची. मालचाची माणसं उठून सोनिपतकडे गेली. तिथे हरसाना मालचा नावाचं गाव आजही आहे, आणि त्यांच्या वंशजांनी मोबदल्यासाठी शंभर वर्षांनी कोर्टाची पायरी चढली. इकडे दिल्लीत मालचा मार्ग उरला. त्यावर राजदूतांच्या मोटारी फिरतात. जगातल्या किती देशांचं परराष्ट्र धोरण एका जाट गावाच्या वावरात शिजतं हे त्या राजदूतांना कोणी सांगितलं नसावं.

पालम तर त्याहून जुनं. तिथल्या एका बारवेवरचा संस्कृत शिलालेख १२७६ सालचा. राजधानीवर कोणकोणत्या घराण्यांनी राज्य केलं याची यादी त्यात दिली आहे, म्हणजे दिल्लीचा हिशेब ठेवण्याची सवय गावाला तेव्हापासून. महादजी शिंद्यांनी ज्या शाह आलम बादशहाला जानेवारी १७७२ मध्ये परत आणून दिल्लीत बसवलं, त्याची बादशाही दिल्लीपासून पालमपर्यंतच असल्याची थट्टा लोक करत. पुढे पालमला विमानतळ झाला. थट्टा करणाऱ्यांना त्या पट्ट्यातल्या जमिनीचा आजचा भाव कळता तर त्यांनी बादशहाला पुन्हा मुजरा केला असता.

साउथ एक्स्टेन्शनच्या पाठीमागे मस्जिद मोठ नावाचं गाव आहे. त्याची आख्यायिका मराठी माणसाने जरूर ऐकावी, कारण ती मटकीची आहे. सिकंदर लोदीने वाटेत पडलेला मोठाचा एक दाणा उचलून वजीर मियाँ भुवाला दिला. वजिराने तो पेरला, आलेलं पीक पुन्हा पेरलं, असं करत करत एवढा पैसा जमवला की सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मशीद बांधली. आपण तोच दाणा भिजत घातला असता, मोड आणले असते आणि वर फरसाण टाकून खाऊन मोकळे झालो असतो. आपल्याकडे भव्य वास्तू कमी आणि उसळी जास्त का, याचा खुलासा मला त्या गावात झाला.

खिडकी गावात चौदाव्या शतकातली मशीद आहे आणि रस्ता ओलांडला की २००७ मध्ये उघडलेला मॉल. २०१८ मध्ये मशिदीची डागडुजी करताना तांब्याची अडीचशेहून अधिक नाणी सापडली. समोरच्या मॉलमध्ये तेवढ्या नाण्यांत गाडी किती वेळ उभी करू देतील हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. हौज खासचा तलाव अलाउद्दीन खिलजीने आपल्या सिरी शहराच्या पाण्यासाठी खोदवला, फिरोजशहा तुघलकाने गाळ काढून काठावर मदरसा बांधला आणि स्वतःची कबरही तिथेच करून घेतली. मग ऐंशीच्या दशकात तिथे कपड्यांची उंची दुकानं आली, पाठोपाठ कॅफे आले. आता फिरोजशहा कबरीत पडल्या पडल्या रात्री साडेअकरापर्यंत पंजाबी गाणी ऐकतो.

आणि ती सिरी? १३०३ च्या सुमाराची, दिल्लीतल्या जुन्या राजधान्यांपैकी एक. तिच्या पायात मंगोलांची मुंडकी पुरली असं सांगतात. तिच्या तटाच्या आत शाहपूर जाट हे गाव बसलं. आज तिथे नवरीचे लेहंगे शिवले जातात आणि त्यांच्या किमती ऐकून बापांची मुंडकी पुन्हा पायाकडे झुकतात. गावाच्या शेजारी सरकारने १९८२ च्या आशियाई खेळांसाठी नवीन गाव बांधलं. एशियाड व्हिलेज. रुंद रस्ते, झाडं, शांतता, फाटकावर पहारेकरी. त्या गावात खरोखरच्या गावचा माणूस आत जाऊ लागला की पहारेकरी त्याला विचारतो, "किधर?"

राजधानीची हद्द ओलांडली की गंमत वाढते. गुडगावच्या नावातच गाव होतं. काचेच्या इमारती, परदेशी बँका आणि रुंद रस्ता आल्यावर हरियाणा सरकारला २०१६ मध्ये वाटलं की हे नाव बदललं पाहिजे. बदललं. गुरुग्राम केलं. सायबर सिटीच्या बुडाशी नाथूपूर आहे, मेट्रोच्या खाली सिकंदरपूर आहे, आणि काचेच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर जगाचे हिशेब करणारी मुलं रात्री झोपायला या गावांत चौधरी साहेबांच्या कुठल्यातरी मेहुण्याकडे परततात. नोएडाचं तर नावही माणसाने ठेवलेलं नाही. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक प्राधिकरणाची इंग्रजी आद्याक्षरं आहेत ती. सेक्टरांना आकडे दिले, पण आकड्यांच्या मधून अट्टा, हरौला, निठारी, मामूरा ही गावं मातीतल्या दगडांसारखी वर आली. सेक्टर १८ मध्ये जायचं असेल तर रिक्षावाल्याला अट्टा सांगावं लागतं. त्याला आकडे येतात, फक्त त्यावर विश्वास नाही.

पलीकडे ग्रेटर नोएडात बिसरख आहे. हे रावणाचं जन्मगाव असं गावकरी सांगतात. रावणाचे वडील विश्रवा ऋषी, त्यांच्यावरून बिसरख. म्हणून तिथे दसऱ्याला रावण जाळत नाहीत, गावातल्याच मुलाला कोण जाळील? सगळा उत्तर भारत पुतळे पेटवत असताना बिसरखमध्ये शांतता असते. आता गावाभोवती वीस-पंचवीस मजली टॉवर उभे राहिले आहेत आणि तिथल्या सोसायट्या आपापल्या आवारात रावण जाळतात. गावकरी वर बघून काय म्हणत असतील ते इथे छापण्यासारखं नसावं. सोन्याची लंका बघितली तर रिअल इस्टेटमधला या गावाचा पहिला यशस्वी माणूस तोच.

युरोपात हे सगळं उलट चाललं आहे. स्पेनमध्ये शंभरही माणसं नसलेली गावं हजारावर आहेत, प्रत्येकाला स्वतःची नगरपालिका. मुलं माद्रिदला गेली, म्हातारे राहिले, शाळा बंद, डॉक्टर आठवड्यातून एकदा. तेरुएल नावाच्या प्रांतातल्या लोकांनी तर वैतागून 'तेरुएलही आहे' अशा अर्थाच्या नावाने चळवळ काढली आणि नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत एक खासदार निवडून आणून ते सिद्ध केलं. आमच्या कटवारियाला आपण आहोत हे सिद्ध करण्याची कधी गरज पडलेली नाही. संध्याकाळी सात वाजता गल्लीत उभं राहिलं की पाठीवरची सॅक समोरच्याच्या पोटात आणि मोटारसायकलचं हँडल आपल्या बरगडीत. स्पेनमधली ती रिकामी गावं आणि आमची ही गावं यांची कुणीतरी अदलाबदल करावी असं मला फार वाटतं. निदान एका गल्लीतली मुलं तरी तिकडे पाठवावीत. घरं मोकळी आहेत, शांतता आहे, अभ्यास उत्तम होईल. फक्त नोट्सची झेरॉक्स मिळणार नाही.

तिथल्या अगदी लहानशा गावांत कारभारही सगळे गावकरी एकत्र बसून उघड्या सभेत करतात म्हणे. दिल्लीच्या गावांना ते सुखही नाही. दिल्लीतल्या ग्रामपंचायती १९९० मध्येच बरखास्त झाल्या. गावात सरपंच नाही, ग्रामसेवक नाही, सात-बारा मागायला तलाठी नाही. त्याची भरपाई गावाने आपल्या पद्धतीने केली आहे. पन्नाशी उलटलेल्या आणि पांढरा कुडता घातलेल्या प्रत्येक माणसाला इथे प्रधानजी म्हणतात. चौपालावर एका वेळी सात-आठ प्रधानजी पत्ते कुटत बसलेले असतात आणि गावातला एकही प्रश्न त्यांच्या संमतीशिवाय अनुत्तरित राहत नाही. गटार तुंबलं तर महापालिका म्हणते हे लाल डोऱ्यातलं, प्राधिकरण म्हणतं हे आमच्याकडचं नव्हे, आणि प्रधानजी म्हणतात पान टाका.

तरीही या लोकांवर माझा राग टिकत नाही. शहरांनी गिळलेली गावं मी पुण्या-मुंबईत पुष्कळ पाहिली. तिथे गावकरी दूर फेकला जातो आणि त्याच्या नावाचा बसस्टॉप उरतो. या मंडळींनी शेत दिलं, पण दोरा सोडला नाही. राजधानीला त्यांनी चारी बाजूंनी येऊ दिलं, मग शांतपणे तळमजल्यावर खाट टाकली आणि तिच्याकडून भाडं वसूल करायला सुरुवात केली. मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले, कोचिंग क्लास आले. चौधरी साहेबांच्या लेखी हे सगळे आधी वरच्या मजल्यावरचे होते, पुढे खोली खाली करून गेले. मी एकदा भाडं वाढवल्याची तक्रार केली तेव्हा त्यांनी हुक्क्याची नळी बाजूला केली आणि खरोखर मायेने म्हणाले, "बेटा, नाराज मत हो. हमारा तो खेत ही यही है."

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी दिल्लीला शिकायला निघाली असेल तर तीन गोष्टी सांगून ठेवतो. खोली पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यात सगळ्याच खोल्या कोरड्या दिसतात. पाणी किती वाजता येतं हे घरमालकाला विचारू नका, त्याच्या भाडेकरूला विचारा. आणि गावाहून गोदरेजचं कपाट पाठवू नका. जिन्यातून चढत नाही.